गोदा की गोदासुत

सातारा

साताऱ्याच्या स्टँडवर उतरताना कंडक्टरनं माझ्या खांद्यावरच्या लांब पत्र्याच्या नळीकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, ह्यात बंदूक हाय का काय?"

मी म्हटलं, "कागद आहेत."

"कागदाला एवडी मोठी नळी?" त्याला ते पटलं नाही. पण त्यानं नळी हातात घेऊन मला नीट उतरवून दिलं.

नळीत ट्रेसिंगचे सहा कागद होते. चार भरलेले, दोन कोरे. त्यांच्यासाठीच मी नागपूरहून निघाले होते, तेव्हा आधी त्यांच्याबद्दल सांगते.

मी कॉलेजात मराठी शिकवते. आमच्याच कॉलेजात साळवे सर लॅटिन शिकवत. त्यांच्या वर्गात कधी तीन मुलं असायची, कधी एकही नसायचं. पण सरांकडे एका जुन्या लॅटिन काव्याच्या वीस-बावीस हस्तलिखितांचे फोटो होते आणि रिकामा वेळ भरपूर होता. छापखाने नव्हते तेव्हा पुस्तकं हातानं उतरवून घेत. उतरवणारा कुठंतरी चुकतो. त्याच्यावरून उतरवणारा त्याची चूक तशीच घेतो आणि वर आपली एक घालतो. सर म्हणायचे, नाकावरून घराणं ओळखतात तसं चुकांवरून नकलांचं नातं ओळखता येतं.

ते नातं डोळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी एक रीत काढली होती. प्रत्येक हस्तलिखिताला ट्रेसिंगचा एक कागद. कागदावर चौकटी, प्रत्येक ओळीला एक. जिथं शब्द वेगवेगळे सापडतात त्या चौकटीत रंगीत ठिपका द्यायचा: एक शब्द असेल तर लाल, दुसरा असेल तर निळा. मग दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे. ठिपक्यांवर ठिपके बसले तर ती सख्खी भावंडं. विखुरले तर लांबचे नातेवाईक. सर गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी ही रीत मला शिकवली, आणि मी ती एका मराठी पोथीला लावली.

पोथीचं नाव ‘सुईणबोध’. तीनशेतीस ओव्या, अकरा प्रकरणं. बाळंतिणीला कुठला काढा द्यावा, आडवं आलेलं मूल कसं फिरवावं, नाळ कशी कापावी, दूध आटलं तर काय करावं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी रचणाऱ्यानं आपलं नाव घातलं आहे. माझ्यापाशी चार प्रतींच्या नोंदी होत्या. दोन प्रतींत नाव होतं ‘म्हणे गोदा’. उरलेल्या दोहोंत ‘म्हणे गोदासुत’. म्हणजे दोहोंत आई, दोहोंत तिचा मुलगा.

ज्यानं ती पोथी एकदा वाचली आहे त्याला हे मुलाचं काम वाटणार नाही. कळा येताना कंबरेखाली हात कुठं ठेवायचा हे ज्या ओव्यांत सांगितलंय त्या कुणा पुरुषानं लिहिल्या असतील यावर माझा विश्वास बसेना. पण विश्वास म्हणजे पुरावा नव्हे. सांगलीला एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरी या चारांहून फार जुनी प्रत होती. मी पत्रानं विचारल्यावर त्यांचं कार्ड आलं होतं: ‘आमच्या पोथीत गोदा असेच आहे.’ त्या एका ओळीच्या जोरावर मी एका मासिकात लेख लिहिला, की ‘सुईणबोध’ ही बाईची रचना आहे. आता पोथी छापायची ठरली होती आणि सांगलीची प्रत स्वतः पाहिल्याशिवाय मला ते छापायचं नव्हतं.

साताऱ्याची प्रत एका निवृत्त सुभेदारांकडे होती. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी कौलारू घर, दारात तुळस आणि दोन म्हशी. आमच्याकडे पाहुणा आला की आधी चहा. इथं तांब्या-भांडं आणि गुळाचा खडा पुढं आला. सुभेदारांनी माझ्यासमोर पोथी ठेवली आणि ताठ उभे राहिले.

"आमच्या खापरपणजाची हाय. दीडशे वर्सं तरी झाली असतील."

मी दिवसभर त्यांच्या माजघरात बसून एक कोरा कागद भरला. दुपारी त्यांच्या पत्नीनं गरम भाकरी, पिठलं आणि मिरचीचा खर्डा वाढला. तिखट खाण्याबद्दल आम्ही नागपूरकर फुशारकी मारतो. त्या खर्ड्यापुढं माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या दह्याची वाटी पुढं सरकवून गेल्या.

चार वाजता मी नवा कागद जुन्या चारांवर एकेक करून ठेवून खिडकीला लावला. तिसऱ्या कागदावर सगळे ठिपके तंतोतंत बसले. त्या प्रतीत उतरवणाऱ्याच्या डुलकीनं गळालेल्या तीन ओव्याही इथं त्याच जागी नव्हत्या. म्हणजे ही प्रत त्या प्रतीवरूनच उतरवलेली होती. नवं काहीच हाती लागलं नाही.

सुभेदारांना काय सांगावं ते कळेना. पण ते काचेकडे पाहत होते आणि त्यांना न सांगताच कळलं.

"म्हंजे आमची ड्युप्लिकेट म्हना की."

"नक्कल आहे, सुभेदारसाहेब. तशा सगळ्याच नकला असतात."

"आनि मूळ?"

"मूळ कुणालाच सापडलेलं नाही."

ते पोथी कपड्यात गुंडाळत म्हणाले, "नक्कल तर नक्कल. उतरवनाऱ्यानं मान मोडून लिवलीच की." मला निरोप देताना त्यांनी कंदी पेढ्यांचा पुडा दिला. पण मी आले तेव्हा त्यांच्या आवाजात जो ताठा होता तो आता नव्हता. तो मी घालवला होता. ज्या घरात जाते तिथून काहीतरी घेऊन जाते, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

कराड

कराडला गाडी बदलायची होती. दोन तास हाताशी होते म्हणून संगमावर गेले. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भेटतात. दोन नद्या अशा डोक्याला डोकं लावून भेटताना मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. घाटावर बायका धुणं धूत होत्या. त्यांतली एक पोटुशी होती, दिवस भरत आलेले. ती पिळे घालायला वाकली की शेजारची तिच्या हातातलं लुगडं काढून घेई आणि म्हणे, "तू बस गं. लय झालं तुजं." मला पोथीतली ओवी आठवली, आठव्या महिन्यात ओलं वस्त्र पिळू देऊ नये अशी. ओवी दोनशे वर्षं जुनी आणि ती बाई समोर. मी उगाच खूष झाले. या प्रवासातला खूष होण्याचा प्रसंग तेवढाच.

परत येईपर्यंत माझी गाडी निघून गेली होती. पुढच्या गाडीत जागा मिळाली ती मागच्या बाकावर. रस्ताभर उसाच्या बैलगाड्या, गुऱ्हाळांचा धूर, आणि प्रत्येक खड्ड्याला माझं डोकं वरच्या फळीला लागत होतं.

सांगली

सांगलीत शिरलं की वास बदलतो. हळदीचा हंगाम होता. पेठेत पोत्यांच्या थप्प्या, रस्त्यावर पिवळी धूळ, हमालांच्या पाठी पिवळ्या. तासाभरात माझ्या पांढऱ्या पदराची कड पिवळी झाली.

व्यापाऱ्यांचं घर पेठेतच होतं, खाली दुकान आणि वर माडी. घरच्या सूनबाई, सुशीलावहिनी, माझ्याच वयाच्या. त्यांनी भडंगाची ताटली पुढं ठेवली आणि म्हणाल्या, "आप्पा कालपास्नं वाट बघत्यात तुमची. सकाळी दोनदा दाढी करून घेतली."

आप्पा म्हणजे त्यांचे सासरे. ऐंशीच्या पुढचे, सडपातळ बांध्याचे, कानामागं हात धरून ऐकणारे. मी नमस्कार केला. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

"तुमी पत्र लिवलं हुतं. एवडी शिकलेली बाई आपल्या पोथीचं नाव काढती, लय बरं वाटलं बगा. आता बगा पोथी. तुमच्यासाटी समदी नीट करून ठेवलीया."

मला तेव्हाही काही कळलं नाही. वाटलं, धूळ झटकली असेल, पानं लावली असतील.

पोथी खरोखरच जुनी होती. जाड, तांबूस कागद, टपोरं अक्षर. मी पहिलं प्रकरण वाचायला घेतलं. ओव्या इतर प्रतींपेक्षा स्वच्छ, अर्थ सरळ. ज्या शब्दांशी मी चार वर्षं झगडले होते ते इथं साध्या, समजेल अशा रूपात उभे होते. प्रकरणाच्या शेवटच्या ओवीपाशी आले. ‘म्हणे गोदा’. आणि ‘गोदा’च्या पुढं दोन अक्षरांएवढा पिवळा पट्टा.

जुने लिहिणारे चूक झाली की त्यावर हरताळ, म्हणजे एका पिवळ्या खनिजाचा लेप, लावत. ‘हरताळ फासला’ असं आपण म्हणतो ते तिथूनच आलेलं आहे. म्हणून पहिला पट्टा पाहून मला आनंदच झाला. लिहिणाऱ्यानं स्वतःच ‘सुत’ खोडलं असेल तर माझा मुद्दा सिद्ध झाला. मी दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी गेले. पिवळा पट्टा. तिसऱ्या, चौथ्या, अकराव्या. अकराही ठिकाणी पट्टा होता आणि रंग ताजा होता. बोट फिरवलं तर बोटाला लागला.

"आप्पा," मी विचारलं, "हा हरताळ कुणी लावला?"

"मीच की." ते हसले. "वैद्याकडनं मागून आनला. आजकाल मिळतोय कुठं."

"कधी?"

"तुमचं पत्र आलं तवा."

त्यांनी पोथीच्या रुमालातून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. माझंच पत्र, माझंच अक्षर. ‘या ग्रंथाची कर्ती गोदा नावाची स्त्री असावी असे माझे मत आहे. काही प्रतींत चुकून गोदासुत असे पडले आहे. आपल्या पोथीत नाव कसे आहे ते कृपया कळवावे.’

‘चुकून’ या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली होती.

"चूक ऱ्हाऊ नये म्हनून दुरुस्त केलं," आप्पा म्हणाले. "मग तुमाला कार्ड टाकलं."

मी पान खिडकीकडे धरलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. सरांचे लॅटिन फोटो पाहताना मी शिकले होते की खोडलेलं अक्षर उजेडात वर येतं. इथं काही वर आलं नाही.

"आधी खरडून घेतलं चाकूनं," आप्पा म्हणाले. "न्हाईतर अक्षर खालनं दिसतंय. एका जागी जरा जास्ती घासलं गेलं, भोक पडलं. तेवडं माफ करा."

"आप्पा, खरडण्याआधी तिथं ‘सुत’ लिहिलेलं होतं का?"

"व्हय. हुतं."

"अकराही ठिकाणी?"

ते विचारात पडले. "न्हाई. कुठं हुतं, कुठं न्हवतं."

"कुठं होतं आणि कुठं नव्हतं, ते आठवतं का?"

"आता कुठलं ध्यानात ऱ्हातंय. न्हवतं तिथंबी खरडून लावला मी. एके जागी पिवळं आनि एके जागी कोरं, ते काय बरं दिसतंय व्हय? समदं एकसारकं केलं."

सुशीलावहिनी दारात उभ्या होत्या. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक. त्यांनी विचारलं, "काय चुकलं का वो आप्पांचं?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. त्यांचं काही चुकलं नाही."

आणि ते खरं होतं. त्या म्हाताऱ्या माणसानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढंच. ‘सुत’ काही जागी होतं आणि काही जागी नव्हतं, यात सगळी गोष्ट असू शकत होती. बाईचं नाव पुसून कुणीतरी मुलाचं घालायला सुरुवात केली असेल आणि काही जागा त्याच्या नजरेतून सुटल्या असतील. किंवा उलट. कुठल्या जागी काय होतं हे कळलं असतं तर सांगता आलं असतं. ती पोथी दोनशे वर्षं पुरातून, वाळवीतून, चार वाटण्यांतून वाचली होती. ती माझ्या एका शब्दानं मुकी झाली.

दुसऱ्या दिवशी मी माडीवर बसून सांगलीचा कागद भरला. इतर सगळ्या चौकटी भरून झाल्या. अकरा उरल्या. लाल शाईची दौत उघडी होती. समोर स्पष्ट अक्षरात ‘म्हणे गोदा’ लिहिलेलं होतं आणि मी ‘गोदा’चे लाल ठिपके दिले असते तर मला कुणीही खोटं म्हणू शकलं नसतं. पोथी दाखवली असती तर लोकांनी पिवळे पट्टे पाहून, लिहिणाऱ्यानंच दुरुस्ती केली असं मानलं असतं. मीच काल पहिला पट्टा पाहून तसं मानलं होतं. आप्पांनाही आनंद झाला असता. माझा लेख खरा ठरला असता. गोदालाही तिचं नाव मिळालं असतं.

बराच वेळ टाक हातात धरून बसले. मग दौत बंद केली.

जाताना आप्पा म्हणाले, "एकदा वाचून दावा ती ओवी. तुमच्या तोंडनं ऐकायची हाय."

मी वाचली. ‘म्हणे गोदा’ म्हणून थांबले. आप्पांनी डोळे मिटून मान हलवली. मला वाटलं की मी त्यांच्याशी खोटं बोलले.

कवठे महांकाळ

एक आशा राहिली होती. कवठ्याजवळच्या एका वस्तीवर आणखी एक जुनी पोथी आहे, असं आप्पांनीच सांगितलं. त्यांच्या वडिलांनी ती पाहिली होती आणि दोन्ही पोथ्या एकाच हातच्या आहेत असं ते म्हणत. तसं असेल तर सांगलीत जे पुसलं गेलं ते तिथं शाबूत असणार होतं.

मिरज सोडलं की ऊस संपतो. मळे विरळ होतात, मग बाभळी आणि कुसळं. बाहत्तरच्या दुष्काळाला तीन वर्षं होत आली होती, तरी रस्त्याकडेला दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे ढीग अजून तसेच पडलेले होते. फाट्यावर उतरून उन्हातून पाऊण तास चालले. चपलेचा अंगठा तुटला. तो सुतळीनं बांधला आणि पुढं निघाले.

घरात हौसाबाई एकट्या होत्या, पन्नाशीच्या. मालक माळावर मेंढरांमागं गेले होते. मी कशासाठी आले ते ऐकून त्यांनी आधी मला पाणी दिलं, मग कोनाड्यातून दोन लाकडी फळ्या आणल्या. पोथीच्या वर-खाली बांधतात त्या. मधे काही नव्हतं.

"एवडंच ऱ्हायलं बगा," त्या म्हणाल्या. "दुष्काळात घराला कुलूप घालून आमी खडी फोडाय गेलो. तितनं म्होरं ऊसतोडीला. दोन सालानं माघारी आलो तर भितीतनं वाळवी निगाली हुती. उचलाय गेले तर मातीच हातात आली."

मी फळ्या हातात घेतल्या. आतल्या बाजूला वाळवीच्या वाटांचे मातकट फाटे होते. अक्षर एकही नव्हतं.

माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "मानसं माघारी आली, त्यातच आमी समदं आलं म्हनतो."

मी मान हलवली.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "काय हुतं वो त्यात?"

मी सांगितलं. बाळंतपण, काढे, आडवं मूल, अंगावरचं दूध. त्या ऐकत राहिल्या. चुलीपुढून उठून माझ्याजवळ येऊन बसल्या.

"आडव्या प्वाराचंबी हुतं?"

"होतं. अकरा ओव्या आहेत त्यावर."

"आमाला कवा कुनी सांगितलं न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. "सासरा दसऱ्याला फुलं वाहायचा तिला. बाईनं शिवायची न्हाई, असं हुतं. माजी पयली लेक आडवी हुती. दोन दिस अडले मी. ती गेली. आनि पोथी ह्या कोनाड्यात हुती, माज्या डोक्याकडं."

त्यांचा आवाज जराही बदलला नाही. त्या उठल्या आणि बाजरीची भाकरी थापू लागल्या. मी जेवले. आमच्याकडे पाहुण्याला वाढताना आग्रह करतात. इथं त्यांनी न विचारता दुसरी भाकरी टाकली. मी तीही खाल्ली. नको म्हणणं शक्य नव्हतं. निघताना नळीतून कागद काढून आडव्या मुलावरच्या ओव्या त्यांना वाचून दाखवाव्या असं मनात आलं. पण कागदांवर ओव्या नव्हत्याच. नुसते ठिपके होते.

परत आल्यावर

‘सुईणबोध’ छापून झाली. मुखपृष्ठावर कर्त्याचं नाव नाही. आमच्या विभागप्रमुखांना ‘गोदा’ हवं होतं. ते म्हणाले, "तुमच्याच लेखात आहे." मी तो लेख चुकीच्या पुराव्यावर लिहिला होता असं सांगितलं. त्यांनी काही दिवस माझ्याशी बोलणं कमी केलं.

प्रस्तावनेत सहाही कागदांचे नकाशे दिले आहेत. सांगलीच्या नकाशात अकरा चौकटी कोऱ्या आहेत. त्याखाली टीप आहे: ‘सांगली प्रत. नाममुद्रा अकराही ठिकाणी खरडून हरताळाखाली. मूळ पाठ कळत नाही. कारण, संपादिकेचे पत्र.’ मुद्रकानं शेवटचे तीन शब्द काढू का म्हणून दोनदा विचारलं. मी ठेवायला सांगितले.

एक प्रत कवठ्याला पाठवली. पोचली की नाही माहीत नाही. हौसाबाईंना वाचता येत नाही आणि वाचून दाखवायला कुणी आहे का हे मी विचारायला विसरले होते.

एक प्रत सांगलीला पाठवली. महिन्याभरानं सुशीलावहिनींचं पत्र आलं. आप्पांनी पुस्तक उशाशी ठेवलं आहे. रोज दुपारी थोडं वाचून घेतात. त्यांनी विचारलं आहे, की नाव छापायचं राहिलं का, आणि पोथीत अजून कुठं काही दुरुस्त करायचं असेल तर मी कळवावं, हात चालतोय तोवर ते करतील.

त्या पत्राला दोनदा उत्तर लिहायला बसले. एकदा मायना लिहिला, एकदा दोन ओळी. टाकलेलं एकही नाही.